लग्नाआधी चष्मा काढायचा होता: लेझरला नकार दिलेलं एक प्रकरण

केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चष्मा घालवायचा आहे. लग्न ठरलंय.' दिवाळीच्या आधीच्या महिन्यात आमच्या कॉर्निया विभागात असे पेपर बरेच येतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि त्याआधी लेझर उरकून घ्यायचा असतो. यातल्या बऱ्याच जणांचा लेझर होतो आणि चांगला होतो. या मुलीला मात्र नाही म्हणावं लागलं. तो नकार पटवून देताना तिच्या घरच्यांनी जे प्रश्न विचारले, ते या शस्त्रक्रियेबद्दलचे सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून तिच्याबद्दलचे तपशील बदलले आहेत.

वय 24, गाव कराडच्या बाजूचं, नोकरी पुण्यात बँकेत. सोबत आई आणि बारावीतला भाऊ. लग्नाला दोन महिने होते. दुसऱ्या एका ठिकाणी लेझरसाठी टोकन भरलेलं होतं, तारीखही मिळाली होती. मामांनी आग्रह केला म्हणून ते आमच्याकडे दुसरं मत घ्यायला आले होते.

तिनं मोबाईलवर प्रश्न लिहून आणले होते. दुखतं का, किती वेळ लागतो, मध्येच डोळा हलला तर काय, नंबर परत येतो का, मेकअप कधी करता येईल, विमा मिळेल का. यादीच्या शेवटी आईनं भर घातली होती: 'डोळ्यांखालचं काळं त्याच लेझरनं जाईल का?'

यादीतले पहिले प्रश्न लवकर सुटतात. बधिर करणारे थेंब घातले की दुखत नाही. लॅसिक या लेझर पद्धतीत कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेचं, पातळ झाकण कापून उचलतात आणि त्याखाली लेझर मारतात. झाकण कापताना डोळा चोखून धरतात, तेव्हा दाब जाणवतो आणि काही क्षण दिसायचं मंदावतं. पापण्या क्लिपनं उघड्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे डोळा मिटायची भीती नाही. किंचित हालचाल झाली तर मशीनचा ट्रॅकर किरण तिच्या मागे नेतो, जास्त झाली तर लेझर आपोआप थांबतो. नंबर कमी करणारा प्रत्यक्ष लेझर एका डोळ्याला मिनिटभरही चालत नाही. पुढे थोडा नंबर परत येऊ शकतो, मोठ्या नंबरात ही शक्यता जास्त. चाळिशीचा चष्मा मात्र लागतोच. तो डोळ्याच्या आतल्या भिंगाचा लवचिकपणा कमी झाल्यानं लागतो आणि लेझर होतो तो बाहेरच्या कॉर्नियावर. विम्याचं उत्तरही स्पष्ट आहे. साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आपल्याकडच्या आरोग्य विम्यात वगळलेला असतो. केवळ सौंदर्यासाठी केलेले उपचारही वगळलेले असतात. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतर जे पुन्हा घडवावं लागतं त्याला सूट असते.

हे सगळं मी तिला सांगितलं आणि मग माझे प्रश्न सुरू केले. माझ्या मते या शस्त्रक्रियेचा निम्मा निर्णय मशीनसमोर बसण्याआधीच होतो.

चष्मा सातवीत लागला. नंबर वाढत गेला, वीस-एकविसाव्या वर्षी थांबल्यासारखा वाटला. पण गेल्या दोन वर्षांत तीनदा काच बदलली होती. जुने चष्मे पर्समध्येच होते, ते लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, लावून पाहिले. साधा नंबर जवळजवळ तोच होता. डाव्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे कॉर्नियाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसल्यानं लागणारा नंबर, पाऊणवरून सव्वा, सव्वावरून दोनवर गेला होता आणि त्याचा कोनही दर वेळी वेगळा होता. तिची तक्रार अशी की नवीन चष्म्यातूनही डाव्या डोळ्याला अक्षरांच्या कडा दुहेरी दिसतात. दुकानदारानं सवय होईल म्हणून सांगितलं होतं.

डोळ्यांना खाज येते का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांना येते तेवढीच." पण बाहेर बाकावर बसलेली असताना मी तिला पाहिलं होतं. तर्जनी मुडपून तिचं मधलं पेर ती डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात खुपसत होती आणि पिळल्यासारखं गोल फिरवत होती, आधी उजवा डोळा, मग बराच वेळ डावा. ज्यांना लहानपणापासून डोळ्यांची अ‍ॅलर्जी असते ते असंच चोळतात. आईला विचारल्यावर कळलं की लहानपणी उन्हाळा आला की हिचे डोळे लाल व्हायचे, चिकट तारा यायच्या, आणि रात्री झोपेतही ती डोळे चोळायची.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" या प्रश्नाला उत्तर आलं, "नाही, काहीच नाही." मी परत विचारलं, "चेहऱ्यासाठी, केसांसाठी, वजनासाठी?" तेव्हा तिनं पिशवीतून आयसोट्रेटिनोइनची पट्टी काढली. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षापूर्वी लिहून दिलेली. दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जायचं राहिलं आणि तेव्हापासून जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून मिळत होती. चेहऱ्याची गोळी तिला औषध वाटतच नव्हती. नव्या रुग्णाला मी हा प्रश्न नेहमी असाच तोडून विचारते, कारण या गोळीनं पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी आटतात आणि डोळे कोरडे पडतात. लेझरची चौकशी करणाऱ्यानं ती घेत असल्याचं आधी सांगायला हवं.

शिवाय तिच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. आदल्या रात्रीपर्यंत घातलेल्या, आणि त्या दिवशीही बसमध्ये चष्मा नको म्हणून घालूनच आलेली.

तपासणी

लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. सॉफ्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट, म्हणजे त्याहून कडक लेन्स, तीन-चार आठवडे बंद ठेवल्याशिवाय केलेलं कॉर्नियाच्या आकाराचं आणि जाडीचं स्कॅन मी निर्णयासाठी धरत नाही. तरी त्या दिवशी एक स्कॅन काढलं. डाव्या डोळ्याच्या नकाशावर खालच्या भागात लालसर पट्टा आला, म्हणजे तिथं कॉर्निया जास्त बाकदार होता. हा लेन्सचा ठसा आहे की रोग, हे त्यावरून ठरत नव्हतं. दोन आठवडे लेन्स पूर्ण बंद ठेवायला सांगून परत बोलावलं. आधीच्या ठिकाणी लेन्स किती दिवस बंद आहेत असं कुणी विचारलंच नव्हतं, असं ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी ती चष्मा घालून आली. लेन्सचा ठसा असता तर एव्हाना पुसट व्हायला हवा होता. तो तसाच होता, उलट जास्त स्वच्छ दिसत होता.

उजवा डोळा: नंबर उणे 4.25, सिलिंड्रिकल उणे 0.75, चष्म्यानं 6/6. कॉर्नियाची सर्वांत पातळ जागा 512 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नकाशा जवळपास सरळ.

डावा डोळा: उणे 4.50, सिलिंड्रिकल उणे 2, चष्म्यानं कसंबसं 6/9. सर्वांत पातळ जागा 478 मायक्रॉन, आणि ती मध्यावर नसून खाली-बाहेरच्या बाजूला सरकलेली. सर्वांत बाकदार जागेचा आकडा 48.6 डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात). कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावर बरोबर त्याच जागी फुगवटा. रेटिनोस्कोपनं, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर तपासायच्या उपकरणानं, पाहिलं तर बाहुलीतला प्रकाश कात्रीच्या पात्यांसारखा उघड-मीट करत होता.

हा डाव्या डोळ्यातला सुरुवातीचा केरॅटोकोनस. कॉर्निया पातळ आणि कमकुवत होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. बहुतेकदा तो किशोरवयात सुरू होतो, विशीत वाढतो आणि पस्तिशीच्या आसपास मंदावतो. अ‍ॅलर्जी आणि डोळे चोळणं यांच्याशी त्याचं नातं घट्ट आहे.

बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याच्या आतला मागचा पडदाही पाहिला. लेझरनं नंबर गेला तरी मायोपियाचा, म्हणजे उणे नंबरचा, डोळा आकारानं लांबटच राहतो, त्यामुळे पडद्याचे धोके तसेच राहतात. हिचा पडदा चांगला होता. अश्रूंची तपासणी मात्र चांगली नव्हती. पापणी मिटून उघडल्यावर अश्रूंचा थर दहा सेकंद तरी टिकावा. हिचा पाचव्या सेकंदाला फाटत होता.

समुपदेशनाच्या खोलीत

मी स्कॅन पडद्यावर लावलं आणि सरळ सांगितलं की लेझर करता येणार नाही, कुठल्याच डोळ्याचा नाही. ती गप्प बसली. प्रश्न विचारले ते भावानं. रात्रभर व्हिडिओ पाहून त्यानं हिशोबही करून आणला होता.

"मॅडम, लेझरनंतर अडीचशे मायक्रॉन उरले पाहिजेत ना? ताईचे तर उरतात."

मी कागद घेतला आणि त्याच्याबरोबर गणित मांडलं. सहा मिलिमीटरच्या भागात एक नंबर घालवायला साधारण 12 मायक्रॉन थर जातो. उजव्या डोळ्यात पाच नंबर धरले तर 60. लॅसिकचं झाकण 110. 512 मधून 170 गेले, उरले 342. डाव्यात साडेसहा नंबर धरले तर 78, झाकण 110, म्हणजे 478 मधून उरले 290. अडीचशेचा नियम लावला तर दोन्ही डोळे पास. तीनशेचा कडक नियम लावला तर डावा दहा मायक्रॉननं नापास. भावाचं गणित बरोबर होतं.

पण हे गणित निरोगी कॉर्नियासाठी आहे. उरलेले 290 मायक्रॉन मजबूत आहेत असं ते धरून चालतं. हिच्या डाव्या डोळ्याचा नकाशा सांगत होता की न कापताच, 478 मायक्रॉन शाबूत असताना, कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबापुढे वाकायला लागला आहे. पाझर लागलेल्या बांधाची माती उपसून तो सारखा करायला घ्यावा, तसं ते झालं असतं. लॅसिकनंतर कॉर्निया असा सुटत पुढे येण्याला एक्टेशिया म्हणतात. नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांनी असे रुग्ण 1998 मध्ये नोंदवले आणि तेव्हापासून शस्त्रक्रियेआधी आकार तपासण्यावर जगभर भर आला. एक्टेशिया झालेल्या माणसाचा गेलेला चष्मा परत येतो, आणि पुढे चष्म्यानंही नीट दिसेनासं होतं.

आईनं विचारलं, "मग डावा राहू दे, निदान उजव्याचं तरी करा. एक तरी सुटेल."

हा प्रश्न मला दर अशा प्रकरणात ऐकायला मिळतो आणि त्याचं उत्तर द्यायला मी मुद्दाम वेळ घेते, कारण हेच उत्तर ऐकून काही जण उठतात आणि 'हो' म्हणणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी जातात. केरॅटोकोनस जवळजवळ नेहमीच दोन्ही डोळ्यांचा असतो; एका डोळ्यात आधी दिसतो, दुसऱ्यात उशिरा. नकाशा आज सरळ आहे म्हणून उजवा डोळा निरोगी ठरत नाही. तो त्याच कॉर्नियाचा जुळा भाऊ आहे, त्याच बोटांनी चोळला गेलेला. त्याच्यावर 110 मायक्रॉनचं झाकण कापणं हा मला न परवडणारा धोका होता, आणि त्याची किंमत तिला मोजावी लागली असती.

"ब्लेड नसलेला केला तर? स्माइल?" भावाचा पुढचा प्रश्न. हिच्यापुरतं उत्तर लहान होतं. झाकण ब्लेडनं कापा किंवा फेम्टोसेकंद लेझरनं, कापलं तेच जातं. स्माइलमध्ये झाकण नसतं, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतली चकती काढतात. थरही आतून निघतोच. पीआरकेमध्ये झाकण नाही, वरची त्वचा खरवडून थेट लेझर मारतात, तीन ते पाच दिवस दुखतं, नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. पातळ पण निरोगी कॉर्नियासाठी तो चांगला पर्याय आहे. या तिन्हींमध्ये कॉर्निया पातळच होतो. हिचा प्रश्न कॉर्नियाच्या ताकदीचा होता, तो हत्यार बदलून सुटणार नव्हता.

लेझरनं जळल्याचा वास येतो म्हणतात, हेही त्यानं विचारलं. ताईचा लेझर होणार नाही हे ठरलं होतं, पण मुलगा इतका मन लावून ऐकत होता की मी तेही सांगितलं. 193 नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर पेशी भाजत नाही, रेणूंमधले बंध तोडून थर वाफेसारखा उडवतो. येतो तो त्याचा वास. जिवंत ऊतीवर हा किरण इतका नेमका चालतो हे 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी ब्लम आणि विन यांनी दाखवलं. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे. पहिला प्रयोग थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर झाला होता. पुढे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी तो किरण कॉर्नियापर्यंत आणला. भावानं हे सगळं वहीत लिहून घेतलं.

मग ती स्वतः बोलली. पहिला प्रश्न, "मी आंधळी होणार का?" दुसरा, आईकडे न बघता, "सासरी सांगावं लागेल का?"

पहिल्याचं उत्तर ठाम नाही असं आहे. या रोगानं पूर्ण अंधत्व येत नाही. वाढत गेला तर चष्म्यानं दिसत नाही, खास कडक लेन्स लागतात, आणि थोड्या रुग्णांना शेवटी कॉर्निया बदलावा लागतो. पण आता रोग थांबवायचा उपचार आहे आणि तिचा रोग लवकर सापडला होता. दुसऱ्या प्रश्नावर मी एवढंच म्हटलं की लपवण्यासारखं यात काही नाही, आणि सांगायचं तर माझ्यासमोर बसून सांगा, मी समजावीन. पुढच्या भेटीला होणारा नवरा आला. त्यानं विचारलं ते फक्त थेंब दिवसातून किती वेळा घालायचे, एवढंच.

आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, हा पर्याय त्यांनी कुठेतरी ऐकला होता. त्यात कॉर्निया पातळ होत नाही, म्हणून केरॅटोकोनस स्थिर झाल्यावर काही रुग्णांमध्ये तो विचारात घेता येतो. पण सिलिंड्रिकल नंबर सरकत असताना आज मापानं बसवलेली लेन्स उद्या चुकीची ठरते. आधी स्थिरता, मग तो विचार, असं ठरलं.

डोळ्यांखालचं काळं, गोळी आणि पार्लर

आईचा प्रश्न मी विसरले नव्हते. नंबरचा लेझर आणि त्वचेचा लेझर ही वेगळी यंत्रं, वेगळी तरंगलांबी, वेगळे डॉक्टर. पण हिच्या बाबतीत दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बरंचसं एकच कारण होतं. अ‍ॅलर्जीनं पापणीखालच्या शिरा फुगतात आणि सावली पडते, वर्षानुवर्षं चोळल्यानं कातडी जाड आणि काळी होते. खाज थांबवली तर डोळाही वाचतो आणि काळेपणाही उतरतो. क्रीम आणि पीलवर पैसे घालण्याआधी सहा महिने डोळे न चोळण्याचा प्रयोग करा, असं मी सांगितलं.

लग्नाच्या पॅकेजमध्ये डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खळगे भरायला टोचायचा जेल, भरून देतो, असं एका ब्युटी क्लिनिकनं सुचवलं होतं. त्याबद्दल मी कडक बोलले. चेहऱ्यावर टोचलेलं फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर उलट्या दिशेनं डोळ्याच्या धमनीपर्यंत पोहोचू शकतं आणि त्या डोळ्याची नजर कायमची जाऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडतं, आणि नाक व दोन भुवयांमधला भाग सर्वांत धोक्याचा. हे इंजेक्शन कोण देणार, त्यांचं वैद्यकीय शिक्षण काय, असं काही झालं तर फिलर विरघळवणारं औषध हाताशी आहे का, हे विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये. त्वचेचा लेझर पापण्यांजवळ होणार असेल तर डोळ्यात धातूचं कवच बसवायला हवं. वरून ठेवलेली कापसाची पट्टी पुरत नाही. बुबुळाचा रंग बदलायला डोळ्यात कृत्रिम आयरिस बसवण्याची जाहिरात तिनं पाहिली होती. ते कधीच करू नये. त्यातून काचबिंदू होतो आणि कॉर्निया निकामी होतो.

आयसोट्रेटिनोइनबद्दल आणखी एक गोष्ट मी तिला आणि आईला दोघींना सांगितली, कारण लग्न तोंडावर होतं. ही गोळी चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये. बाळात गंभीर व्यंग येतं. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर घेतलेल्या गोळीबरोबर हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या त्वचारोगतज्ज्ञांना मी फोन केला. त्यांनी तिला बोलावून घेतलं, गोळी बंद केली आणि लावायचं औषध सुरू केलं.

जाता जाता आईनं स्वतःच्या पापण्या दाखवल्या. "माझ्या उतरल्यात, त्याही उचलता येतील का?" वय 52, वरच्या पापणीची कातडी सैल होऊन पापण्यांच्या केसांवर टेकलेली. ही शस्त्रक्रिया होते आणि वरच्या बाजूचं दिसायचं अडत असेल तर तिचा उपयोगही होतो. पण आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अश्रू पुरेसे आहेत का, कारण कातडी जास्त कापली गेली तर डोळा नीट मिटत नाही आणि कोरडा पडतो. आणि फक्त कातडी सैल आहे की पापणी उचलणारा स्नायूच ढिला आहे, कारण दोन्हींची शस्त्रक्रिया वेगळी. लेझरही करायचा असलेल्यांनी या दोन शस्त्रक्रियांमध्ये काही महिने जाऊ द्यावेत. त्यांनी लग्नानंतर बघू म्हटलं.

पुढे काय झालं

उपचार साधे होते. अ‍ॅलर्जीचे ओलोपॅटाडिनचे थेंब, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, खाज आली की फ्रिजमधल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाचा शेक, आणि बोट डोळ्याला न लावणं. झोपेत चोळते म्हणून पहिले काही आठवडे रात्री प्लॅस्टिकचं छिद्रांचं कवच. सवय मोडायला होणाऱ्या नवऱ्यानं मदत केली, फोनवर बोलताना तो मध्येच "हात कुठाय?" असं विचारायचा.

लग्नात चष्मा नको ही तिची इच्छा मला पूर्णपणे योग्य वाटत होती. एकदा वापरून फेकायच्या टॉरिक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरच्या, लेन्स तिला मापून दिल्या, दिवसाला सहा तासांपुरत्या. हळदीला चष्माच, कारण ओली हळद आणि लेन्स एकत्र येऊ द्यायचे नाहीत. लग्नाच्या दिवशी साबणानं हात धुऊन कोरडे करून मेकअपच्या आधी लेन्स, आणि मेकअप पुसायच्या आधी लेन्स काढायच्या. लेन्सला नळाचं पाणी कधीच नाही. पापण्यांना डिंकानं चिकटवायचे केस नाहीत. तिनं हे सगळं तंतोतंत पाळलं. फोटो दाखवायला ती स्वतः आली होती.

मार्चमध्ये पुन्हा स्कॅन झालं. चोळणं बरंच कमी झालं होतं, डोळ्यांखालचा काळेपणा उतरला होता, अश्रूंचा थर आठ सेकंद टिकत होता. पण डाव्या कॉर्नियाची सर्वांत बाकदार जागा 48.6 वरून 49.9 वर गेली होती आणि जाडी 471 झाली होती. सहा महिन्यांत एक डायॉप्टरपेक्षा जास्त वाढ म्हणजे रोग चालू आहे. उजवा जागच्या जागी होता.

एप्रिलमध्ये डाव्या डोळ्याचं कॉर्नियल क्रॉसलिंकिंग केलं. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झाली आणि 2003 मध्ये तिचे रुग्णांवरचे निष्कर्ष वोलेन्साक, श्पोर्ल आणि झायलर यांनी प्रसिद्ध केले. लॅसिकनंतरचा एक्टेशिया नोंदवणारे झायलर ते हेच. वरची नाजूक त्वचा काढतात, अर्धा तास दर काही मिनिटांनी रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालतात आणि मग अतिनील किरण देतात. त्यानं कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि कॉर्निया कडक होतो. वरची त्वचा काढल्यावर निदान 400 मायक्रॉन उरायला हवेत, नाहीतर किरण आतल्या पेशींना इजा करतात. हिचे सव्वाचारशेच्या आसपास उरत होते. आणखी काही वर्षं डोळे चोळण्यात गेली असती तर ही सोयही कदाचित राहिली नसती.

तिला आधी बजावलं होतं की यानं नंबर जात नाही, रोग थांबतो. पहिले दोन-तीन दिवस दुखलं, पाणी गळलं, खोली अंधारी करून ती झोपून राहिली. जखम झाकायला पट्टीसारखी बसवलेली लेन्स पाचव्या दिवशी काढली. पहिला महिनाभर धूसर दिसायचं आणि तिच्या सासूबाईंनी दोनदा फोन करून विचारलं की उपचारानं उलट बिघडलं तर नाही ना. पहिल्या काही महिन्यांत असं होतं, स्कॅनमधला आकडाही आधी थोडा वर जातो. वर्षाअखेरीस तो 49.2 वर आला आणि थांबला. आता डाव्या डोळ्याला ती सेमी-सॉफ्ट लेन्स वापरते आणि त्यातून तिला 6/6 दिसतं, दुहेरी कडांशिवाय. उजव्याला चष्म्याचा किंवा सॉफ्ट लेन्सचा नंबर चालतो.

भावाचं स्कॅनही केलं, कारण हा रोग काही घरांत एकापेक्षा जास्त जणांना होतो. त्याचे दोन्ही कॉर्निया आज चांगले आहेत. पण उन्हाळ्यात त्याचेही डोळे खाजतात, म्हणून थेंब सुरू केले आहेत आणि वर्षातून एकदा स्कॅन ठरलंय. त्यालाही चष्मा आहे, दोनचा. तो काढायचा का, याचा विचार एकवीस-बाविसाव्या वर्षी, वर्षभर नंबर न हललेला असताना आणि स्कॅन सरळ असेल तरच करायचा, असं आमचं बोलणं झालंय.

गेल्या भेटीत तिनं नवा प्रश्न आणला होता: मूल व्हायचा विचार आहे, डोळ्याला काही होईल का? गरोदरपणात हा रोग वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून आधी एक स्कॅन, गरोदरपणात दर तीन महिन्यांनी एक, आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत तपासणी चालू. या स्कॅनमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे बाळाला धोका नाही. उजव्या डोळ्यानं त्या काळात हालचाल दाखवली तर बाळंतपणानंतर त्याचंही क्रॉसलिंकिंग करू. पहिल्या दिवसापासूनची सगळी स्कॅन मी तिला पेन ड्राइव्हवर दिली आहेत. बदली होऊन कुठेही गेली तरी तिथल्या डॉक्टरांना तुलनेसाठी ती लागतील.